चार आणि पाचच्या मधला मासा

बी म्वानाकोंबो कढईतल्या गोडसर माहाम्री पुऱ्या उलटत होती, आणि उलटता उलटताच तिनं अथमानचं लग्न मोडलं. तिचा तसा काही हेतू नव्हता. सकाळचे सात वाजले होते, दारापुढच्या दगडी ओट्यावर नेहमीची गिऱ्हाइकं पाय हलवत बसली होती, आणि नारळाच्या दुधातली तूर अन् चार माहाम्री असा नेहमीचा पुडा ती अथमानच्या हातात देत होती. अथमाननं दुसऱ्या हातानं तिला लग्नाची पत्रिका दिली. तिनं पिठाची बोटं लांब ठेवत ती वाचली, ओठ हलवत, तारखेपासून उलटी.

"झुहुरा? आपली झुहुरा? सुलेमानची?"

"हो, बी. पुढच्या शुक्रवारी."

"बरं झालं बाई. तिघांना नको म्हणाली होती पोरगी. आणि दोघंही माझीच की! तूही प्यायलास, तीही प्यायली," असं म्हणून तिनं पुढची माहाम्री उलटली. ती टम्म फुगली.

एका बाईचं दूध पाच वेळा पोटभर प्यायलेली दोन मुलं एकमेकांची भावंडं होतात, आणि भावंडांचा निकाह होत नाही, हे मोंबासाच्या त्या गल्लीत मांजरांनाही ठाऊक होतं. चार वेळा प्यायली तर मात्र नुसते शेजारी. अथमानच्या हातातला पुडा गरम होता, कागदातून तेल बोटांना लागत होतं, आणि आपण काहीतरी विचारायला तोंड उघडलंय एवढंच त्याला कळलं.

"किती वेळा, बी?"

"तू? तू तर तीन आठवडे. तुझी आई टायफॉइडनं आडवी झाली होती. पिऊन पिऊन मला अर्धी केलीस मेल्या."

"मी नाही. ती."

"ती एकच दिवस रे. तिची आई मालिंदीला गेली होती, त्या आईचा बाप वारला होता. पोरीला ताप, म्हणून माझ्याकडे टाकून गेली. पहाटे गेली, दिवेलागणीला आली." बी म्वानाकोंबोनं झारा कढईच्या काठावर आपटला. "चार वेळा पाजलं असेल. नाहीतर पाच."

"चार की पाच?"

"आता पस्तीस वर्षांनी विचारतोस! गळ्यात पाटी लावून घ्यायला हवी होती का मी? हो बाजूला, मागे माणसं उभी आहेत."

अथमान बाजूला झाला. मग तो कामावर चालत गेला, कारण पाय त्याला तिकडेच नेत होते. वाटेत तो दारं मोजत होता हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवं दार आलं की नजर दुसरीकडे. कोरीव दार, पत्र्याचं दार, दोन फळ्यांचं दार, फोनची कव्हरं विकणाऱ्याचं दार. संशय ही काही त्याच्या आयुष्यात नवी गोष्ट नव्हती. उलट संशय हा त्याचा जुना, घरोब्याचा माणूस होता. लहानपणी मदरशात त्यांना शिकवलं होतं की हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि दोघांच्या मध्ये जे धुक्यातलं आहे त्यापासून जो लांब राहिला त्यानं आपला धर्म आणि आपली अब्रू दोन्ही राखली. बाकीच्या मुलांनी ते पाठ केलं आणि फुटबॉल खेळायला गेली. अथमान धुकं शोधत बसला. ते सगळीकडे होतं. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा एकदा त्याच्या गच्चीवर पडला; शेजारी गावाला गेला होता. अथमाननं आंबा उचलला नाही, पण त्याच्यावर टोपली झाकून ठेवली. शेजारी तीन आठवड्यांनी आला तेव्हा टोपलीखाली एक काळा डाग आणि चिलटं होती. मग नासाडी केल्याचं पाप आपल्याला लागलं का, हे विचारायला तो मशिदीतल्या शेख बादींकडे गेला होता. आणि झुहुराचा होकार! त्यानं स्वतःच मेसेज करून विचारलं होतं, सगळं धैर्य गोळा करून, आणि उत्तर आलं तेव्हा फोन शेजाऱ्याच्या वायफायला चुकून जोडलेला होता. ते वायफाय वापरायची परवानगी त्यानं मागितलेली नव्हती. पडद्यावर तिचं नाव चमकत होतं आणि त्यानं डोळे मिटून फोन बंद केला, कोपऱ्यावरून डेटा विकत घेतला, आणि तिला लिहिलं की तुझं उत्तर संशयास्पद मार्गानं आलं असल्यामुळे मी ते वाचलेलं नाही, कृपया पुन्हा पाठव. पाच मिनिटांनी आलं: "हो. (दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पाठवणार नाही.)" तो कोपऱ्यावरच्या पायरीवर बसून हसला होता, एकटाच, आणि अडतीस वर्षांच्या आयुष्यात आपण रस्त्यावर एकटे कधी हसलो होतो का हे त्याला आठवेना.

अथमान चहा चाखायचा. लिलावाला येणारा चहा आधी त्याच्या टेबलावर यायचा, पांढऱ्या पेल्यांच्या लांबच लांब ओळीत. दिवसाला तीनशे पेले. चमचा भरायचा, सूंऽऽ करून ओढायचा, जिभेवर फिरवायचा आणि चाकावरच्या पिकदाणीत थुंकायचा. रमजानात तो खोकी मोजायच्या कामावर बदली मागून घ्यायचा, कारण जिभेच्या मागून एखादा थेंब घशात उतरतच नसेल कशावरून. त्या सकाळी तो चमचा ओढत, थुंकत पुढे सरकत राहिला आणि डोक्यात एकच चाललं होतं, की दूध पोटात गेलं पाहिजे. जिभेवरून परत आलं तर ते मोजत नाहीत. ताप आलेलं पोर ओकतं. झुहुरा ओकली होती का? कुठल्या टेकडीवरचा, कुठल्या महिन्यातला, पाऊस पडण्याआधी खुडलेला की नंतर, हे त्याची जीभ डोळे मिटून सांगायची. पण बी म्वानाकोंबोच्या दुधाची चव, जिच्यावर त्याचा पहिला महिना उभा होता, ती कुठेच सापडत नव्हती. त्यानं ती पेल्यापेल्यात शोधली. दुपारी साहेबांनी त्याची गुणपत्रिका हातात घेतली.

"अथमान, आज एकाही चहाला तू पाच दिलेले नाहीस."

"नाही, साहेब."

"सगळ्यांना चार?"

"आज पाचची खात्री देता येत नाही."

तो लवकर निघाला. ओटा रिकामा होता, कढई पालथी घातलेली होती, आणि बी म्वानाकोंबो आत भिंतीला टेकून पायांना तेल चोळत होती. तिचा नवरा जहाजावर खलाशी होता, वर्षातले नऊ महिने समुद्रात, आणि पंधरा वर्षांपूर्वी तो वारला तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं होतं की तो परत जहाजावरच गेलाय. गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिनं पाजलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना खाऊ घातलं होतं. अथमान दाराजवळ उकिडवा बसला.

"बी, तो दिवस आठव. पहिल्यापासून."

"तू सोडणार नाहीस ना?"

"नाही."

तिनं उसासा टाकला, पण मोजायला लागली तेव्हा तिला ते आवडतंय असं दिसलं. एक, पहाटे, तिची आई निघाली तेव्हा. दोन, कणीक फुगायला ठेवली तेव्हा. तीन, दुपारच्या बांगेआधी, आणि त्या वेळी पोरीनं चावलं, हिरड्यांनी, पण काय चावलं! चार, तिसऱ्या प्रहरची, अस्रची नमाज झाल्यावर. आणि मग तिची आई आली.

"म्हणजे चार!" अथमान उठून उभा राहिला. "बी, चारच झाले!"

"चार, हो. म्हणजे चौथ्याच्या मध्ये दार वाजलं. मासेवाला आला होता, ब्वानाहेरी. मग मी पोरीला खाली ठेवलं, मासा घेतला, परत येऊन तिला धरलं. परत प्यायली. तो एक धरायचा की दोन, ते तुमचं तुम्ही ठरवा."

अथमान पुन्हा बसला. हे त्याला माहीत होतं, दुर्दैवानं. हे माहीत असलेला त्या गल्लीत तो एकटाच असेल. मूल प्यायचं थांबलं, श्वास घेतला, खेळलं, पाजणारीनं घटकाभर खाली ठेवून लगेच उचललं, तर ते एकच. पण ती दुसऱ्या कामाला लागली, चांगला वेळ गेला, मग परत घेतलं, तर दोन.

"मासा घ्यायला किती वेळ लागला?"

बी म्वानाकोंबोचा तेलाचा हात पोटरीवर थांबला. "किती लागणार? घासाघीस झाली. चिवट होता मेला, एक नाणं सोडायचा नाही. झाला असेल वेळ. नाहीतर नसेल झाला. काय रे हे! माशाचं काय विचारत बसलास, मासा चांगला होता!" आणि एकदा तेल लावून झालेल्या त्याच पोटरीला ती परत तेल चोळायला लागली.

म्हणजे झुहुरा आपली बायको होणार की बहीण आहे हे आता पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या भावावर येऊन अडकलं होतं. अथमानला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. शेख बादींना मात्र दिसलं. मशिदीच्या अंगणात ते चटईवर बसले होते आणि अथमानला येताना बघून त्यांनी आधी आकाशाकडे बघितलं.

"या. गेल्या रमजानात टूथपेस्टसाठी तीनदा. त्याच्या आधी पाल. आज काय?"

अथमाननं सांगितलं. शेख हसले, मग हसायचे थांबले, आणि चटईची एक काडी सरळ करायला लागले.

"पाच झाल्याची खात्री नाही. खात्री नाही म्हणजे पाच नाहीत. निकाह जायज आहे. शुक्रवारी मी स्वतः लावतो."

"आणि तुमचा मुलगा असता तर, शेख?"

"माझ्या मुलाला मी म्हटलं असतं, जे मनाला खटकतं ते सोड, जे खटकत नाही ते धर. पैगंबरांसमोर एकानं असंच विचारलं होतं. एक बाई म्हणाली मी दोघांना पाजलंय. साक्षीदार नाही, पुरावा नाही. ते एवढंच म्हणाले, आता बोललं गेलंय, मग कसं राहशील?"

"मग मला का नाही सांगत तसं?"

"कारण तू माझा मुलगा नाहीस. फतवा मागायला आलास, फतवा दिला. त्याच्यापुढचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा मला अधिकार नाही. आणि अथमान, दुसरंही शिकवलंय ना तुला? ज्याच्याशी आपला संबंध नाही ते सोडून देणं, ही माणसाच्या इस्लामची शोभा आहे. त्या बाईच्या दुधात तू अजून किती खोल उतरणार आहेस?"

"मासेवाल्यापर्यंत," अथमान म्हणाला. "तिथे थांबेन."

तो रात्री नीट झोपला आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी चहाचे पेले नेहमीसारखे होते. त्यानं योग्य त्या चहांना पाच दिले. चमचा ओढताना एक गोष्ट हळूहळू त्याच्या ध्यानात येत गेली, जशी जिभेच्या कडेला मागाहून एक कडवट चव येते. तो आंबा त्यानं खाल्ला नाही. पण आंबा त्याला आवडतच नव्हता. एका लग्नात मटण कुणी कापलं ते कळेना म्हणून त्यानं भातच खाल्ला. मटणानं त्याला पित्त व्हायचं. बँकेत काम करणाऱ्या मामेभावाकडे, व्याजाचा पैसा म्हणून, तो चहा प्यायचा नाही; चहा तर तो दिवसभर थुंकत होता. सगळं आयुष्य तो संशयाच्या गोष्टी सोडत आला होता आणि गल्लीतले लोक त्याच्याबद्दल आदरानं बोलायचे, पण त्या सगळ्या ढिगात त्याला हवी असलेली एकही वस्तू नव्हती. ज्याच्यावर जीव आहे असं त्यानं आजवर काहीच सोडलं नव्हतं, कारण असं काही त्याच्याकडे नव्हतंच. आता होतं. झुहुरा वर्गात फळ्यावर नकाशा काढताना नदी नेहमी उगमापासून काढायची, मुखापासून नाही, असं तिनं त्याला एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्याला नद्या वेगळ्या दिसायला लागल्या होत्या. चार निघाले तर ती आपली. पाच निघाले तर नाही. त्याला ते कळायला हवं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कळून घ्यायची भीती वाटत होती, आणि भीती वाटत असतानाही पाय बंदराकडे न अडखळता चालले होते.

ब्वानाहेरी जुन्या बंदरावर कॉफीवाल्याच्या बाकावर बसलेला असायचा. आता तो मासे धरत नव्हता, विकतही नव्हता, फक्त दुसऱ्यांनी आणलेल्या माशांना नावं ठेवायचा. अथमाननं सलाम केला आणि दोन कडू कॉफ्या सांगितल्या.

"बाबा, तुम्ही आमच्या गल्लीत मासे आणायचात. बी म्वानाकोंबोच्या दारी."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी सरळ केली. ती सरळच होती. "आणायचो. बावीस वर्षं."

"सौद्याला किती वेळ लागायचा? फार घासाघीस करायची का ती?"

"ती?" म्हातारा हसला, त्याला पुढचे दात नव्हते आणि हसू आतपर्यंत दिसत होतं. "कधीच नाही! म्हणेन तो भाव. एक शब्द नाही. अशी गिऱ्हाईक जन्मात दुसरी नाही पाहिली. मासा द्यायचा, नाणी घ्यायची, संपलं."

घासाघीस नाही. म्हणजे वेळ नाही. म्हणजे एकच. म्हणजे चार! अथमानच्या कानात समुद्र वाजायला लागला; खरा समुद्र तर समोरच होता आणि तो अगदी गप्प होता. पेल्यातली कॉफी त्यानं गिळली, थुंकली नाही. शुक्रवार, झुहुरा, नद्या. आणि मग त्याच्या त्याच सावध, हट्टी, नको तिथे जागं असणाऱ्या मनानं त्याच्या बाहीला ओढलं. बी म्हणाली, घासाघीस झाली. हा म्हणतो, कधीच नाही. मग त्या दारात काय झालं?

"म्हणजे तुम्ही मासा देऊन लगेच निघायचात?"

ब्वानाहेरीनं पेल्यात बघितलं. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कॉफीवाला निखारे फुंकतोय याची खात्री केली, आणि अथमानच्या कानाशी आला. त्याच्या श्वासाला आल्याचा वास होता. "आता तू विचारलंसच म्हणून सांगतो हां. आजवर कुणाला—"

त्या खाली गेलेल्या आवाजात अथमानला एक उंबरठा दिसला. अस्रनंतरचं तिरपं ऊन, टोपलीत मासा, आत चटईवर ताप आलेलं पोर, नवरा समुद्रावर, आणि उंबरठ्याच्या दोन बाजूंना दोन माणसं, तरुण. काही झालं असेल, काही झालं नसेल. नुसते शब्द असतील, किंवा शब्दही नसतील. चार सिद्ध करायचे तर हा लगेच निघाला हे सिद्ध करायला हवं, पाच सिद्ध करायचे तर हा थांबला हे. दोन्हीकडून त्या उंबरठ्यावर दिवा धरून उभं राहावं लागणार. मग ते शेखना सांगायचं, झुहुराला सांगायचं, तिच्या आत्याला सांगायचं, आणि आत्याला सांगितलं म्हणजे उरलेल्या मोंबासाला सांगायची गरज नाही. जिच्या दुधावर आपण जगलो तिची ती घटका उघडी पाडायची, कशासाठी, तर आपल्याला बायको मिळावी म्हणून. इथे धुकं नव्हतं. इतकी स्पष्ट गोष्ट त्यानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. एक वाक्य, आणि चार किंवा पाच. ते वाक्य म्हाताऱ्याच्या ओठांवर येऊन बसलं होतं.

"नको, बाबा," अथमान म्हणाला.

"अरे ऐक तरी!"

"माझा संबंध नाही त्याच्याशी."

"पस्तीस वर्षांत एका माणसानं विचारलं नाही! तू विचारलंस, कॉफी पाजलीस, माझं तोंड उघडलंस, आणि आता म्हणतोस नको?" म्हातारा खरोखर दुखावला होता. "मग आलास कशाला?"

"चुकलो. अजून एक कॉफी घ्या."

"घेतो," ब्वानाहेरी म्हणाला, आणि तोंड समुद्राकडे फिरवलं.

बंदरापासून झुहुराच्या घरापर्यंत चौदा मिनिटं लागतात. अथमाननं मोजली नाहीत. शेखनी सांगितलेला निकाह अजून जायज होता, हे त्याला माहीत होतं. कुणीही त्याला अडवणार नव्हतं. पण बी म्वानाकोंबो जे म्हणाली होती, ते आता बोललं गेलं होतं, आणि ते न बोललेलं करायचा एकमेव रस्ता त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला होता. त्याला वाटलं होतं की अशा वेळी पाय जड होतात. होत नव्हते. छातीत दुखत होतं, चांगलं दुखत होतं, पण पाय हलके होते.

दार आत्यानं उघडलं. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि मशीनवर कसलं तरी हिरवं रेशीम, आणि त्याच्याकडे अथमाननं बघितलं नाही. झुहुरा खिडकीशी पेपर तपासत बसली होती. तिनं ओढणी सावरली, जराशीच, होणाऱ्या नवऱ्यापुढे सावरतात तेवढी.

"आलास," ती म्हणाली. "मला वाटलं निरोप पाठवशील. विकतच्या डेटावर."

"तुला कळलं?"

"काल सकाळी आठला. गल्लीत पाच जणी मला चार म्हणाल्या आणि चार जणी पाच म्हणाल्या." ती हसली नाही. "मासेवाल्याकडे गेला होतास म्हणे. काय म्हणाला?"

"विचारलं नाही."

"तिथपर्यंत जाऊन?"

"विचारायला लागलो होतो. मग थांबलो."

"त्याला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण ते आपण कळून घ्यायचं नव्हतं, झुहुरा. दुसऱ्या कुणाचं तरी होतं ते."

आत्या म्हणाली, "हे काय बोलणं झालं? कुणाचं होतं?" झुहुरानं आत्याकडे बघितलंच नाही. ती अथमानकडे बघत राहिली, हुशार मुलीच्या पेपरात चुकलेलं उत्तर बघावं तसं, आणि मग ते चुकलेलं नाही हे लक्षात यावं तसं. खाली कुणीतरी टुकटुक रिक्षा सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तिसऱ्या खेपेला ती सुरू झाली.

"खरं सांग," झुहुरा म्हणाली. "शेख हो म्हणालेत. मीही हो म्हणाले तर? दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, सकाळी मी चहा घेऊन समोर आले, तर तू मोजशील?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मोजेन," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. हातातल्या लाल पेनाला टोपण लावलं, नीट, टक् आवाज येईपर्यंत. "मग नको. चार आणि पाचच्या मध्ये मला नाही राहता यायचं." तिचा आवाज कुठेच फुटला नाही, पण तिनं दोघांकडे पाठ फिरवून तोंड खिडकीकडे केलं.

आत्यानं डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. "बरं. नशीब. नवरा नाही तर नाही, भाऊ तर मिळाला! ये बाळा, बस. ती ओढणी काढ गं, भावापुढे कसली ओढणी? हजला जायचं तर घरचा पुरुष लागतो, सोबत होईल तुला."

"नाही, आत्या," अथमान दारातच उभा राहून म्हणाला. "तेही संशयाचंच. चार असतील तर मी परका आहे. ओढणी राहू दे."

"म्हणजे नवराही नाही?"

"नाही."

"भाऊही नाही?"

"खात्री नाही."

"मग हा माणूस माझ्या घरात आहे तरी कोण?" आत्या कडाडली.

झुहुराला हसू आलं. ते थांबवायचा तिनं प्रयत्न केला, मग केला नाही, आणि हसता हसता तिनं ओढणी कपाळापर्यंत पुढे घेतली, परक्या माणसापुढे घेतात तशी, आणि हनुवटीखाली घट्ट खोवली. "निघ आता," ती म्हणाली. "आणि रस्त्यात समोरासमोर आलो तर?"

"सलाम करायचा."

"तेवढं चालतं?"

"तेवढं चालतं. त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही."

तो जिना उतरला. जिना अरुंद होता, भिंतीला खांदा घासत होता. खाली गल्लीत माणसं दिवेलागणीच्या नमाजेला निघाली होती. अथमान खिडकीखाली आला आणि वर न बघता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." वरून उत्तर आलं, लांबलचक, पूर्ण, शांतीसकट आणि दयेसकट आणि बरकतीसकट, त्यातला एकही शब्द न गाळता. अथमान ते शेवटपर्यंत ऐकत चालत राहिला.